व्हय, फुडें वच

यंदा मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे चर्चमधल्या मेरीमातेच्या, फेस्ताला (सणाला) मी तेलाची बाटली घेऊन रांगेत उभी होते. ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी येणारा हा सोमवार, आणि गोव्यातल्या म्हापशात तेव्हा ऊन असं पडतं की चर्चच्या पायऱ्यांवर अनवाणी पाय टेकवत नाही. पुढून मेणबत्त्यांचा धूर येत होता, त्यात मोगऱ्याचा आणि खोबरेल तेलाचा वास मिसळलेला. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मागून कुणीतरी दंडाला हलकेच हात लावला. वळून पाहिलं तर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी. कडेवर दातही न आलेलं पोर, हातात गोडेतेलाची छोटी बाटली, किमतीची चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली. "बाई," तिनं विचारलं, "हितं आमी तेल वाहिलं तर चालतंय न्हवं?"

त्या 'न्हवं'वरून मला तिचा मुलूख कळला. चंदगड, गडहिंग्लज, फार तर आजरा. माझी आई शेवटपर्यंत असंच बोलायची. माझ्या कानाला ते 'न्हवं' असं लागलं, जसं दुपारच्या झोपेत कुणी आपलं माहेरचं नाव घेऊन हाक मारावी. आणि मी तिला म्हटलं, "व्हय, फुडें वच."

कोकणीत.

हातानं पुढे, तेल घेणाऱ्या मुलांकडे बोट दाखवलं आणि परत वळले. तिला 'व्हय' कळलं असणार, तो शब्द आमच्याकडेही तोच आहे. 'फुडें वच', म्हणजे पुढे जा, हे तिनं अंदाजानं घेतलं असेल. दोन पावलं टाकेपर्यंत माझ्या मागच्या एक ख्रिश्चन आजी, फुलाफुलांचा झगा, हातात गुंडाळलेली जपमाळ, त्या मुलीशी बोलायला लागल्या होत्या. मोडक्या मराठीत. "ये गं बाय, माझ्याबरोबर ये. ते पोर माझ्याकडे दे, तू तेल धर." क्रियापदं चुकत होती, ळ चा ल होत होता, पण त्या शोधून शोधून मराठीच शब्द काढत होत्या. जिची मराठी ही मायबोली ती मी अस्खलित कोकणीत बोलले होते, आणि जिला मराठी धड येत नव्हतं तिनं त्या मुलीसाठी ती बोलायला घेतली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक मोठी नव्हती. रांगेत कुणी विचारलं, मी खरं उत्तर दिलं, वाट दाखवली. पण उत्तर कोकणीत का निघालं ते मला पक्कं ठाऊक होतं. आजूबाजूला चार ओळखीच्या बायका होत्या. त्यांनी मला त्या मुलीबरोबर एका माळेत ओवू नये, एवढंच त्या अर्ध्या क्षणात माझ्या मनात आलं होतं.

मी म्हापशात आले २००१ साली, लग्न होऊन सहा महिने झाले होते. नवऱ्याला इथल्या एका छापखान्यात नोकरी लागली. आजऱ्याहून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, तिथून बांदा, मग पत्रादेवी. एसटीच्या खिडकीतून मला काहीच बदललेलं दिसेना. तीच तांबडी माती, तेच काजू, तीच कौलं. मी नवऱ्याला विचारलं, हद्द कुठाय? तो म्हणाला, गेली मघाशीच. पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक त्यानं दाखवलं होतं, १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रही जिथून आत शिरले आणि पोर्तुगिजांच्या गोळ्यांना बळी पडले ती जागा. पुढे कोलवाळचा पूल लागला, खाली शापोरा नदी. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की एके काळी ही नदीच हद्द होती. १७८८ साली सावंतवाडीकरांनी पेडणं पोर्तुगिजांना दिलं, तोवर नदीपलीकडे दुसरं राज्य होतं आणि म्हापसा अगदी कडेला. हद्दीला स्वतःचे पाय असल्यासारखी ती नदीवरून पत्रादेवीपर्यंत सरकली. माणसं मात्र तेव्हाही बाजाराला इकडेच येत होती आणि आजही शुक्रवारी पहिल्या गाडीनं येतात. बांद्याची, दोडामार्गाची, वेंगुर्ल्याची. कुणी आंबे विकायला, कुणी कामाला, कुणी बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जायचं म्हणून इथं गाडी बदलायला.

पहिल्याच शुक्रवारी बाजारात मी 'घाटी' हा शब्द ऐकला. मोयऱ्याची केळी बघत उभी होते, इतकी मोठी केळी मी कधी पाहिली नव्हती. मी भाव विचारला. पलीकडच्या बाईनं शेजारणीला काहीतरी सांगितलं, त्यातला तेवढाच शब्द मला कळला. शब्दात खोटं काहीच नव्हतं, मी घाटावरचीच. पण तो ज्या सुरात आला तो सूर मी पिशवीत घालून घरी आणला आणि फार वर्षं सांभाळला. दुसरा शब्द 'भायले', बाहेरचे. हा तर भाषणांत असतो, पानपट्टीवर असतो, बसमध्ये असतो. गोव्याच्या माणसाची काळजी मला कळत नाही असं नाही. एवढीशी भूमी, डोंगर कापले जाताहेत, शेतं बुजताहेत, गावातली घरं दिल्ली-मुंबईच्या पैशानं विकली जाताहेत. पण बिल्डरला तोंडावर कुणी 'भायलो' म्हणत नाही. तो शब्द झेलायला उरते ती डोक्यावर घमेलं घेतलेली बाई.

आम्हाला खोली मिळाली ती म्हापशातल्याच खोर्लीत, एका ख्रिश्चन जोडप्याकडे. आम्ही दोघांना अंकल-आंटी म्हणायचो. अंकल तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेले. आंटी बोलायला तुटक, घर लख्ख, अंगणात एक क्रूस आणि त्याला रोज ताजं फूल. पहिल्या महिन्यात त्या माझ्याशी भाडं आणि विहिरीचा पंप यांपलीकडे बोलल्याचं आठवत नाही. मग जून आला. गोव्याचा पाऊस मी पहिल्यांदा बघत होते. तीन दिवस वीज नाही, नवरा रात्रपाळीला, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल. मी दारात बसून रडत होते. आंटी छत्री घेऊन बाहेर निघाल्या होत्या, मला बघून थांबल्या. "चल गो," म्हणाल्या, "म्हजेवांगडा यो." कुठं ते विचारायचं सुचलं नाही.

चर्चमध्ये गेलो. त्या दिवशी सण नव्हता, मिस्सही (चर्चची उपासना) नव्हती. मोठ्या दरवाजाशी मी थबकले आणि सवयीनं चपला काढल्या. आंटींनी पाहिलं. "कित्याक काडटा गो?" इथं काढत नाहीत, असं काहीतरी म्हणाल्या. मी गोंधळून उभी. परत घालाव्यात तर देवापुढे चपला घालायला पाय धजत नव्हते, न घालाव्यात तर यांच्या रीतीचा अपमान होईल की काय. आंटी क्षणभर थांबल्या. मग दरवाजाच्या चौकटीला हात धरून त्यांनी आपल्या चपला काढल्या. एक, मग दुसरी. माझ्या चपलांना लावून ठेवल्या. त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, तेही मला आठवतं. "फरशी थंड लागता, बरें दिसता," म्हणाल्या आणि आत चालू लागल्या. साठ वर्षं त्या बाई त्या दारातून चपला घालून आत गेल्या असतील. त्या दिवशी माझ्यासाठी अनवाणी गेल्या.

मला कुणी काही विचारलं नाही. कोण, कुठली, कशाला आली. मागच्या बाकावर बसलो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत मेण, जुनं लाकूड आणि ओल्या छत्र्या यांचा एकत्र वास येत होता. पुढे चारपाच बायका तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत होत्या. मला कोकणी येत नव्हती, तरी एका सुरात परत परत येणारी ओळ हळूहळू कानात उतरायला लागली. 'नमान मोरिये, कुर्पेन भरलेले.' कुर्पेन, कुर्पेन... आणि एकदम लख्खकन समजलं. कृपेनं! कृपेनं भरलेली. आजीच्या हरिपाठातला शब्द इथं ओल्या भिंतीच्या आत, अनोळखी बायकांच्या तोंडी बसलेला होता, थोडा वाकलेला, पण आपला. मी त्या दिवशी तेवढा एकच शब्द घेऊन घरी आले.

नंतर कळलं की मराठीत ख्रिस्ताची कथा सांगायला बसलेला पहिला मोठा कवी स्वतःच परका होता. फादर स्टीफन्स इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आला, इथल्या लोकांत राहिला, आणि त्याचं मराठी ओवीतलं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. बोटीतून उतरलेल्या माणसाला आपली भाषा इतकी यावी याचं मला फार वाटतं. आणि त्याच शतकात इथल्या बारदेश-साष्टीत देवळं पाडली गेली हेही मी विसरू शकत नाही. मंगेश देव कुठ्ठाळीहून १५६० साली नदी ओलांडून प्रियोळला नेला, तेव्हा ती जागा पोर्तुगिजांच्या अमलाबाहेर होती. रात्रीच्या अंधारात होडीत बसून देव हद्दीपार गेले, आणि पलीकडच्या गावानं त्यांना जागा दिली. १५९४ साली उभं राहिलेल्या या आमच्या चर्चमध्ये बसलं की दोन्ही गोष्टी एकदम मनात येतात. एकीनं दुसरी खोडली जात नाही. मी तसा प्रयत्नही करत नाही.

लोकांनी मात्र आपल्या परीनं वाट काढली. सात बहिणींची गोष्ट इथं लहान पोरालाही माहीत असते. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई... आणि त्यातली मिराबाई म्हापशाला आली, ती मिलाग्र सायबीण झाली. आंटी ही गोष्ट सांगायच्या तेव्हा 'आमची सायबीण' म्हणायच्या आणि लईराईला 'तिची भयण'. फेस्ताला लईराईकडून तेल येतं, लईराईच्या जत्रेला इकडून मोगऱ्याची फुलं जातात अशी रीत त्यांनी सांगितली होती. मी एकदा विचारलं, या बहिणी मुळात कुठल्या? आंटी कांदा चिरत होत्या. "भायल्यान आयल्यो," म्हणाल्या. बाहेरून आल्या. "मागीर हांगाच्यो जाल्यो." मग इथल्या झाल्या.

अंकलना जनमत कौलाबद्दल बोलायला आवडायचं. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात जायचा की नाही हे लोकांनी मतपेटीतून ठरवलं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. "हांवें दोन पानां मारलीं," ते छाती काढून सांगायचे, माझ्यासमोर, मी महाराष्ट्रातली. समोरच्या घरातले नाईक आजोबा हसून म्हणायचे, आम्ही फुलावर. संध्याकाळी दोघं एकाच बाकावर बसून पत्ते कुटायचे. त्या पत्त्यांच्या बाकाशेजारी उभी राहून मी कोकणी शिकले.

पण आंटींच्या चपलांचं कोडं मला सुटलं ते खूप उशिरा, अंकल गेल्यावर. त्यांची ट्रंक आवरताना आंटींनी मला एक फोटो दाखवला. मुंबई, धोबीतलाव. एका खोलीत वीसएक पुरुष, भिंतीला ओळीनं ट्रंका, टोकाला छोटी आल्तार (वेदी), तिच्यावर गावच्या संताची तसबीर. ही 'कूड'. गोव्यातल्या गावागावानं मुंबईत आपापली कूड काढलेली असायची. बोटीची वाट बघणारा तारवटी, खानसामा, बँडात वाजवणारा, नोकरी शोधायला आलेलं पोर, जो गावचा तो तिथं उतरायचा. भाडं नावापुरतं, जागा एका ट्रंकेपुरती, आणि रात्री सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा हा नियम. अंकल सतरा वर्षांचे असताना बोरीबंदरला उतरले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं, खिशात कुडीचा पत्ता. एका टांगेवाल्यानं, आंटी म्हणाल्या, त्यांना कुडीच्या दारापर्यंत नेलं, ट्रंक उतरवून आत ठेवली, आणि तिथल्या माणसाला हाक मारून त्यांचा हात त्याच्या हातात दिला. मग गेला. तो टांगेवाला साताऱ्याकडचा होता. "तुमचो घाटी," आंटी म्हणाल्या. तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा मायेनं उच्चारलेला ऐकला. अंकल घरात कुणी नवीन माणूस आलं की ही गोष्ट सांगायचे म्हणे. मला कधी सांगितली नव्हती. मला त्यांनी खोली दिली होती.

आंटी २०१४ साली गेल्या. तोवर आम्ही जवळच स्वतःचं घर बांधलं होतं. मागे एक खोली काढली, मोरी-संडास वेगळा, भाड्यानं द्यायची म्हणून. आधी एक मुलगी राहायची, ती लग्न होऊन गेली. गेल्या पावसाळ्यापासून खोली रिकामी आहे. ओळखीच्या एजंटानं विचारलं, कसं माणूस हवं? नवरा म्हणाला, फॅमिली असावी, शक्यतो गोव्यातली. मी चहा गाळत होते. "हो," मी म्हटलं, "भायले नकोत बाबा, कटकट असते."

हे वाक्य मी बोलले. चहा गाळता गाळता, सहज.

तर फेस्ताचा तो सोमवार. तेल वाहून बाहेर आले तेव्हा दुपार टळली होती. फेरी, म्हणजे फेस्ताचा बाजार, भरात होती. मिरच्यांचे ढीग, सुके बांगडे, मडकी, पाट, लाकडी खाटा, पावसाळ्याची सगळी बेगमी लोक याच फेरीत करतात. खाजेवाल्याच्या पाट्यावर गुळाचा आणि आल्याचा वास. चर्चच्या कडेच्या सावलीत पायरीवर त्या आजी बसल्या होत्या, मांडीवर ते पोर. पोराच्या कपाळावर तेलाचं बोट, आणि आजींच्या जपमाळेचा क्रूस त्यानं तोंडात घातलेला. आजी काढत होत्या, पोर परत घालत होतं. मुलगी शेजारी बसून कागदातलं खाजं खात होती, चावत चावत, एकेक. पलीकडे पायरीखाली तिच्या चपला, आणि तिच्या चपलांशेजारी...

नाही. आजींच्या पायात चपला होत्या. मी उगाच शोधत होते.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं, "कुठल्या गावची गं तू?" आवाज माझा मलाच निराळा वाटला, कितीतरी वर्षांनी वापरात काढलेल्या पितळी तांब्यासारखा. मुलीनं मान वर केली. तिला मी ओळखू आले, रांगेतली बाई. ती नुसती बघत राहिली. मग चेहरा एकदम मोकळा झाला.

"अगं बया, तुमास्नी मराठी येतंय व्हय?"

आजी हसल्या, मला उगाच वाटलं की त्यांना सगळं समजलंय. "आजऱ्याची हाय मी," मी म्हटलं. आजींनी पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि सरकून जागा केली. मी बसले. मुलगी चंदगड तालुक्यातली. नवरा मोपाच्या बाजूला एका कंत्राटदाराकडे, विमानतळ झाल्यापासून तिकडे कामं निघतात. येऊन दीड महिना झाला. दोन खोल्यांत नऊ माणसं राहतात, त्यात बायका दोनच, रात्री पोर रडलं की सगळे कुरकुरतात, म्हणून ती त्याला घेऊन ओट्यावर बसते. तिकडे शेजारणीनं सांगितलं, म्हापशाच्या सायबिणीला तेल वाहा, पोराला झोप लागेल. ती दोन बस बदलून आली होती. हे सगळं तिनं तक्रारीचा सूर न लावता सांगितलं, मधून मधून आजींना खाजं देत. आजींना सगळं कळत नव्हतं, तरी मान हलत होती. मध्येच त्या मला म्हणाल्या, मुंबईला गिरगावात होते मी बावीस वर्षं, शेजारीण होती माझी, तिची आठवण आली हिच्या बोलण्यानं.

उठताना मुलीनं विचारलं, "बाई, इकडं कुणाची खोली मिळंल काय हो? एकच बी चालंल. भाडं टायमावर देतो आमी."

"बघते," मी म्हटलं.

आमच्या बोलीत 'बघते'चा अर्थ काय ते तिलाही ठाऊक होतं. तिनं मान डोलावली, पोर कडेवर घेतलं, आजींच्या पाया पडली. आजींनी गडबडून तिचे खांदे धरले. मग माझ्याही पाया पडली. म्हणाली, शुक्रवारच्या बाजाराला येते मी, केळी गल्लीत. गर्दीत शिरेपर्यंत तिच्या हातातली तेलाची रिकामी बाटली दिसत राहिली, ती तिनं टाकली नव्हती.

आज गुरुवार. मागच्या खोलीचं दार मी सकाळी उघडलं, पावसाळ्यापासूनचा कोंदट वास निघून जावा म्हणून. खिडकी फुगली होती, दोनदा धक्का दिल्यावर उघडली. फरशी पुसली. नवरा कामावरून आल्यावर त्याला सांगायचं आहे. किल्ली फ्रिजवर ठेवली आहे.